पावलांचे दप्तर

गेल्या मार्गशीर्षात कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी थोरल्या बहिणीकडे आठ-दहा दिवस मुक्कामास होतो, तेव्हा पुण्यास नोकरी करणाऱ्या भाच्याने आईसाठी एक आणि मामासाठी एक असे दोन मनगटी पट्टे आणले होते; तरुण मंडळी ज्याला नुसते ‘बँड’ म्हणतात, आणि वेळ दाखवता दाखवता जो माणसाची पावले मोजतो व नाडीही पाहतो, तोच हा पट्टा. तो बांधण्यापूर्वी भाच्याने आम्हां दोघांनाही एकच प्रश्न विचारला, की तुमच्या मते दिवसभरात तुमची हालचाल किती होते. मी म्हणालो, की वीस वर्षे झाली, पहाटे पाऊण तास फिरून आल्याखेरीज मी चहा घेत नाही, तेव्हा माझी काळजी करण्याचे कारण नाही. अक्का चुलीपुढून उठता उठता म्हणाली, “मी कसला रे व्यायाम करते? घरातलीच कामं ती.” सात दिवसांनी भाच्याने आपल्या मोबाइलवर दोघांचे आलेख शेजारी शेजारी उघडून दाखवले. माझा आलेख म्हणजे उघड्या माळावर एकटेच उभे असलेले बाभळीचे झाड होते. पहाटेचा एक उंच खांब, आणि त्यापुढे रात्रीपर्यंत जवळजवळ सपाट जमीन. अक्काच्या आलेखात तसा एकही खांब नव्हता. परंतु पहाटे पाचापासून रात्री नवापर्यंत ज्वारीच्या ताटांसारखी दाट, आखूड, कोठेही न तुटणारी रांग होती, आणि तिची बेरीज माझ्या बेरजेहून पुष्कळ अधिक भरत होती.

आम्हां दोघांपैकी कोणीही खोटे सांगितले नव्हते. माणूस आपल्या दिवसाची जी जबानी देतो ती स्मरणाच्या आधारे देतो, आणि स्मरणाला ठरवून केलेली गोष्ट दिसते, ओघाओघाने घडलेली दिसत नाही. शारीरिक हालचाल आणि आरोग्य यांच्या संबंधाचा जो शास्त्रीय अभ्यास गेली पाऊणशे वर्षे चालला आहे, त्याची वाटचाल ही एका अर्थी जबानीकडून दप्तराकडे, म्हणजे माणसाच्या तोंडच्या कैफियतीकडून त्याच्या अंगावरील यंत्राने ठेवलेल्या नोंदीकडे झालेली वाटचाल आहे. आणि त्या वाटेवर जे सर्वांत मोलाचे हाती लागले ते माझ्या मते हे, की ज्या हालचालीला आजवर कोणी हालचाल म्हणून खात्यावर धरलेच नव्हते, तिलाही आरोग्याच्या जमाखर्चात स्थान मिळाले.

या अभ्यासाचा प्रारंभ लंडनच्या बसगाड्यांत झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराने दगावणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांची संख्या चिंताजनक वाटू लागली, तेव्हा जेरी मॉरिस या संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह लंडनच्या वाहतूक सेवेतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० पुरुषांच्या आजारपणाचा तपशील जमवला. मुंबईकरांनी बेस्टची दुमजली बस अनेक दशके पाहिलेली असल्यामुळे त्यांना हे चित्र डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही: चालक दिवसभर आपल्या आसनावर बसून चाक फिरवीत असतो, आणि वाहक तिकिटे देत खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर व पुन्हा खाली अशा फेऱ्या करीत असतो. कामाच्या एका दिवसात वाहक ५०० ते ७५० पायऱ्या चढतो असे मोजणीत आढळले. दोघे एकाच चाकरीतले, एकाच आर्थिक स्तरातले, एकाच गाडीत वावरणारे. आणि तरीही वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी, तो झालाच तर उशिरा, आणि त्याचे स्वरूपही तुलनेने सौम्य, असे १९५३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात दिसून आले. घरोघर पत्रे वाटणारे पोस्टमन आणि टपालखात्यातच बसून काम करणारे नोकर यांच्यातही हीच तफावत आढळली.

परंतु मॉरिस यांचा खरा मोठेपणा त्यांनी स्वतःच्याच निष्कर्षावर घेतलेल्या शंकेत आहे. वाहकाचे काम केल्यामुळे माणूस निरोगी राहतो, की मुळात अंगाने हलका असलेला माणूसच वाहकाच्या कामाला जातो, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. नोकरांना गणवेश देण्यासाठी जी मापे घेतली जात, ती त्यांनी तपासली, आणि सारख्याच उंचीच्या वाहकांपेक्षा चालकांच्या विजारीचा कमरेचा घेर मोठा असल्याचे १९५६ साली स्वतःच जाहीर केले. शिंप्याच्या टेपाने घेतलेल्या त्या मापाने एक गोष्ट कायमची शिकवली, की दोन गोष्टी जोडीने आढळल्या म्हणजे त्यांतली एक दुसरीचे कारण आहेच असे ठरत नाही. या धड्याकडे आपल्याला पुढे पुन्हा यावे लागेल.

व्यवसाय हे हालचालीचे माप झाले तरी ते फार ढोबळ. एकाच हुद्द्यावरील दोन माणसांचे दिवस सर्वस्वी भिन्न असू शकतात. म्हणून पुढची कित्येक दशके संशोधक लोकांच्या हाती प्रश्नावली देत राहिले, आणि लोक आठवेल ते, व आठवेल त्याहून थोडे अधिक, लिहीत राहिले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य-पाहणीत २००३ पासून सहभागी लोकांच्या कमरेला सात दिवस गतिमापक यंत्र बांधण्यात आले, आणि २००८ साली त्याचा ताळा प्रसिद्ध झाला, तेव्हा जबानी व दप्तर यांच्यातले अंतर ठळकपणे उघडे पडले. प्रश्नावलीवर विसंबले तर निम्म्याच्या आसपास प्रौढ शिफारशीइतकी हालचाल करीत असल्याचे दिसे. यंत्राच्या नोंदीप्रमाणे ते प्रमाण शेकडा ५ हूनही कमी भरले.

येथे घाईने लोकांना लबाड ठरवण्याचे कारण नाही, कारण या तफावतीचा पुष्कळ भाग मोजणीच्या नियमात दडलेला होता. त्या काळच्या शिफारशीप्रमाणे जवळजवळ सलग दहा मिनिटे चाललेलीच हालचाल हिशेबात धरली जात असे. जिना चढण्याचे मिनिट, बस पकडण्यासाठी टाकलेली झपझप पावले, आडाहून घरापर्यंतची खेप, हे सारे यंत्राने टिपलेले असूनही बेरजेतून वगळले जाई. जमिनीच्या मोजणीत लहान तुकडे धरावयाचेच नाहीत असा हुकूम असेल, तर ज्याच्याजवळ लहान तुकडेच आहेत असा खातेदार कागदोपत्री भूमिहीनच ठरणार. यंत्र नोंद करते. परंतु नोंदीपैकी काय जमेस धरावयाचे हे माणूस ठरवतो, आणि तो नियम चुकला तर बिनचूक यंत्रही चुकीचाच निकाल देते.

हे यंत्र काम कसे करते, तेही पाहू. एस. टी. मध्ये दांडीला धरून उभा असलेला प्रवासी, गाडी अचानक सुटली की मागे झुकतो आणि ब्रेक लागला की पुढे. तो किती झुकला हे बाहेरून पाहणाऱ्याला गाडीच्या गतीतील बदलाचा अदमास त्यावरून बांधता येईल. पट्ट्यातील त्वरणमापकात नेमका असाच एक प्रवासी बसवलेला असतो. सिलिकॉनच्या चिपेवर अतिसूक्ष्म कमानींनी टांगलेले एक चिमुकले वस्तुमान असते. त्याला फणीसारखे दाते असतात, आणि ते स्थिर दात्यांच्या मधोमध अधांतरी राहतात. मनगट हलले की हे वस्तुमान किंचित मागे राहते, दात्यांमधील अंतर बदलते, त्याबरोबर त्यांची विद्युत्-धारिता बदलते, आणि तो बदल आकड्याच्या रूपाने नोंदला जातो. उभी, आडवी आणि पुढची-मागची अशा तिन्ही दिशांस ही व्यवस्था असते. हात स्वस्थ असतानाही पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण त्या वस्तुमानाला ओढतच असल्यामुळे हात कोणत्या कलाने ठेवला आहे हेही कळते. नाडी पाहण्यासाठी पट्ट्याच्या पोटाशी हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालच्या वाहिन्यांत रक्त भरले की परतणारा प्रकाश किंचित कमी होतो, आणि या चढउतारावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असेल किंवा हात जोराने हलत असेल, तर ही मोजणी बिघडते.

या साधनाचा फार मोठा उपयोग ब्रिटनमधील ‘यूके बायोबँक’ या प्रकल्पात झाला. २०१३ ते २०१५ या मुदतीत एक लाखाहून अधिक स्त्रीपुरुषांनी सात दिवस अहोरात्र मनगटावर त्वरणमापक बांधला. सेकंदाला १०० नोंदी या हिशेबाने एका माणसाच्या एका आठवड्यात एकेका दिशेच्या सहा कोटींहून अधिक, म्हणजे तिन्ही दिशा मिळून अठरा कोटींच्या घरात नोंदी जमतात. एवढ्या आकड्यांतून भांडी घासणे कोणते आणि जिना चढणे कोणते हे ओळखावयाचे कसे, यासाठी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी काही स्वयंसेवकांच्या अंगावर पट्ट्याच्या जोडीला लहान कॅमेराही दिला, छायाचित्रे पाहून त्या त्या क्षणाचे काम निश्चित केले, आणि त्या दाखल्यांवरून संगणकाला हालचालींचे प्रकार ओळखावयास शिकवले.

या दप्तरातून निघालेला एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. सिडनीचे इमॅन्युएल स्टॅमाटाकिस आणि त्यांचे सहकारी यांनी या लाखभर माणसांपैकी, आपण कोणताही व्यायाम करीत नाही असे सांगणारी २५,२४१ माणसे निवडली आणि त्यांच्या सुमारे सात वर्षांच्या आयुष्याचा मागोवा घेतला. व्यायाम न करणाऱ्या या माणसांच्याही दिवसात धाप लागेल अशा जोरकस हालचालीचे एक-दोन मिनिटांचे तुकडे विखुरलेले होते. कोणी ओझे घेऊन चढण चढला होता, कोणी गाडी गाठण्यासाठी धावला होता. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे, असे दिवसाला तीन तुकडे ज्यांच्या खात्यावर होते त्यांच्यात, एकही नसणाऱ्यांच्या मानाने, त्या मुदतीत मृत्यूचे प्रमाण शेकडा ३८ ते ४० ने कमी आढळले. प्रश्नावलीला हे तुकडे कधीच सापडले नसते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत सलग दहा मिनिटांची अट काढून टाकली. आठवड्याला मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटे हे प्रमाण सुचवले, पण ती कितीही लहान तुकड्यांनी भरली तरी चालतील असे मान्य केले.

दहा हजार पावलांच्या संख्येविषयीही येथेच सांगितले पाहिजे, कारण आज सकाळी बागेत फिरणारा प्रत्येक गृहस्थ तिचा धाक बाळगून असतो. टोकियोच्या ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमधील एका घड्याळ-कंपनीने कमरेला लावण्याचे पावले मोजणारे यंत्र विक्रीस आणले आणि त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक, असे ठेवले. ती संख्या तेथून जगभर पसरली. हार्वर्डच्या संशोधिका आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांच्या कमरेला त्वरणमापक बांधून घेतलेला शोध २०१९ साली प्रसिद्ध केला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा ४१ ने कमी होते, आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर पुढे आणखी घट दिसत नव्हती. वृद्धांच्या दृष्टीने यातला दिलासा मोठा आहे: सर्वांत अधिक लाभ पहिल्या थोड्याशाच वाढीत आहे, आणि तो अंगणात, ओसरीवर, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊनही पदरात पडू शकतो.

आता गणवेशाच्या मापाचा धडा. कमी चालणारी माणसे लवकर मरतात, हे नोंदीवरून दिसले. पण ती चालत नाहीत म्हणून आजारी पडतात, की आत आजार मुरला आहे म्हणून त्यांना चालवत नाही? संशोधक ही शंका निवारण्यासाठी आधीच आजारी असलेल्यांना वगळतात, मोजणीनंतर लगेच दगावलेल्यांची नावे बाजूस काढून पुन्हा बेरीज करतात, वय, धूम्रपान इत्यादींचा हिशेब वजा करतात. त्याने संशय क्षीण होतो, समूळ जात नाही. म्हणून वरील शेकडेवारी ही कोणा एका माणसाला दिलेली हमी नव्हे. ती मोठ्या समुदायाचा कल दाखवते, आणि अनेक देशांतील पाहण्या त्याच दिशेने बोट दाखवतात म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवावयाचा.

यंत्राच्या मर्यादा तर मी अक्काच्या स्वयंपाकघरातच पाहिल्या. ती काठवटीपुढे बसून भाकरी थापू लागली की तिच्या मनगटावरील आकडा वाढू लागे. तळहाताची ती एकसारखी, तालबद्ध थाप पट्ट्याला चालण्यासारखी वाटत होती, आणि चार भाकऱ्या होईपर्यंत बसल्या जागी तिच्या खात्यावर बरीच पावले जमा झाली. याउलट परसातल्या नळावरून भरलेली घागर कमरेवर घेऊन ती माडीचा जिना चढली, तेव्हा घागरीच्या गळ्याभोवती वळलेला हात मुळी हललाच नाही, आणि त्या पायऱ्यांपैकी बहुतेक पट्ट्याने धरल्या नाहीत. भाकरीची खोटी पावले वजा आणि घागरीची खरी पावले जमा केली असती, तर तिचा आलेख कसा दिसला असता हे मला सांगता येणार नाही. इतके मात्र स्पष्ट झाले, की मनगटावरचे यंत्र मनगटाची हालचाल जाणते, डोईवरचे किंवा कमरेवरचे ओझे जाणत नाही. खर्च झालेल्या कॅलरींचा आकडा तर आणखीच जपून घ्यावा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली सात प्रकारचे पट्टे ६० स्वयंसेवकांवर तपासले. नाडीच्या बाबतीत सातांपैकी सहांची चूक शेकडा ५ च्या आत होती, परंतु कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगला पट्टाही सरासरी शेकडा २७ ने चुकत होता, आणि सर्वांत वाईट ९३ ने.

शिवाय नोंद ठेवणे आणि सुधारणे या गोष्टी एक नव्हेत. पावले मोजणारे यंत्र कमरेला लावले की माणसे दिवसाला सुमारे अडीच हजार पावले अधिक चालतात, असे २००७ च्या एका संकलित परीक्षणात दिसले. परंतु वजन कमी करू पाहणाऱ्या अमेरिकेतील तरुण मंडळींवर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पट्टा दिलेल्या गटाचे वजन दोन वर्षांत सरासरी साडेतीन किलोने, आणि पट्टा न दिलेल्या गटाचे सुमारे सहा किलोने उतरले. ही रोजनिशी कोणाच्या ताब्यात राहते, याचाही विचार हवा. धावणाऱ्यांच्या मार्गांचा एका कंपनीने प्रसिद्ध केलेला जागतिक नकाशा पाहून २०१८ च्या आरंभी परक्या मुलखातील लष्करी तळांचे ठिकाण ओळखता आले होते. पट्टा घेताना माहिती कोठे जाते ते विचारून घेण्याची वहिवाट आपण पाडली पाहिजे.

आपल्या देशात हा विषय विशेष जिव्हाळ्याचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड येथे झालेल्या पाहणीत, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे, १४,२२७ लोकांपैकी शेकडा ५४.४ निष्क्रिय ठरले. आणि जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०२४ साली जो अंदाज प्रसिद्ध झाला त्याप्रमाणे भारतातील शेकडा ५७ स्त्रिया व ४२ पुरुष पुरेशी हालचाल करीत नाहीत. हे आकडे प्रश्नावलींतून आलेले आहेत. मधुमेह आणि हृदयविकार यांचे आपल्याकडचे स्वरूप पाहता ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. शहरांतील खुर्चीला खिळलेला दिवस मी स्वतःच्या आलेखातही पाहिला आहे. परंतु ‘सलग दहा मिनिटे श्रम होतात का’ असे कोणी अक्काला विचारले असते तर ती ‘नाही’ म्हणाली असती, आणि तिचा तो नकार निष्क्रियतेच्या रकान्यात जाऊन बसला असता. आपल्या खेड्यांतील व शहरांतील स्त्रियांच्या अंगावर असे यंत्र बांधून, त्यांच्या ओझ्याचा व विश्रांतीचा तपशील सोबत लिहून, मोठी पाहणी होणे हे मला अगत्याचे वाटते.

विश्रांतीचा तपशील म्हणतो तो सहेतुक. डेन्मार्कमधील संशोधकांनी काही वर्षांपूर्वी लक्षात आणून दिले, की फुरसतीतल्या व्यायामाने जो लाभ होतो तो पोटासाठी केलेल्या जड श्रमाने होताना दिसत नाही, किंबहुना काही पाहण्यांत अपायच दिसतो. स्वेच्छेने अर्धा तास धावून विसावणे आणि तासन्‌तास उसंत न घेता ओझी वाहणे यांत शरीराच्या दृष्टीने अंतर असावे, असे त्यांचे म्हणणे आहे. यावर विद्वानांत वाद आहे. पण ‘घरकाम हाच बायकांचा व्यायाम’ असा सोयीस्कर निकाल कोणी या नव्या शास्त्राच्या नावावर देऊ नये, यासाठी तो वाद ध्यानात ठेवलेला बरा. अक्काची ती दाट रांग भाच्याने दुसऱ्यांदा निरखून पाहिली, तेव्हा सोळा तासांत दुपारच्या जेवणाखेरीज सलग अर्धा तास मोकळा गेल्याची एकही खूण त्याला सापडली नाही. माझ्या आलेखात जशी मधल्या लहान लहान उठण्याबसण्याची उणीव होती, तशी तिच्या आलेखात थांबण्याची होती. दप्तर आम्हां दोघांनाही काही सांगत होते, पण सांगणे एकच नव्हते.

आठव्या दिवशी सकाळी परसातल्या नळाच्या घागरी मी उचलल्या. चार खेपा झाल्या. हात घागरीत गुंतलेला असल्यामुळे पट्ट्याने त्यांतल्या बहुतेक पायऱ्या धरल्या नाहीत; धाप मात्र मला चांगलीच लागली होती, आणि तेवढ्या वेळात अक्का ओसरीवर टेकून आपला चहा गरम असतानाच पीत होती.